खाजणातली खोटी मोजणी

"फाडूनच टाकते मी हा कागद!"

"ए शहाणे, सरकारी आहे तो!" क्षितिजाच्या हातातून तिच्याच इमारतीतल्या यतीननं अहवालाची प्रत झटकन ओढून घेतली. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर तिघं बसली होती. दिवाळीची सुट्टी चालू होती, मध्ये चकल्यांचा डबा उघडा होता, पण क्षितिजानं एका चकलीलाही हात लावला नव्हता. एवढी ती पेटली होती!

आणि का पेटू नये? ती राहायची त्या सिल्व्हर पार्क सोसायटीच्या मागे रस्ता संपला की खाजण लागायचं. तिवरांची झाडी, आणि ओहोटीला उघडा पडणारा लांबच लांब चिखल. गिरगावातून इथे राहायला आल्यापासून दोन वर्षं, दर रविवारी, क्षितिजा तिथले पक्षी मोजत होती. शेकाटे किती, तुतवार किती, बगळे किती, सगळं एका दोनशे पानी वहीत! मग सप्टेंबरात काशीनाथ धारगळकर नावाचे साहेब जीपमधून आले. खाजणात भराव घालायचा की नाही, हे ठरवण्याआधी तिथे काय काय जगतं याची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. "वा बेटा! ही वही माझ्या अहवालात वापरतो हं," असं गोड बोलून त्यांनी वही नेली ती नेलीच.

आणि आता अहवालात काय? "पक्षी: आढळले नाहीत. इतर जीव: आढळले नाहीत. जमीन ओसाड." झालं!

"वसाड म्हने!" सुलू उसळली. ती क्षितिजाच्याच वर्गातली, खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहणारी. "माजी आय रोज त्याच चिखलातून चिंबोऱ्या नि निवट्या काढते. त्या काय आभालातून पडतात? भराव पडला तर आमी खावाचं काय?"

"सोमवारी हरकतींची सुनावणी आहे," यतीन म्हणाला. "रडत बसायचं की हरकत घ्यायची?"

"मी रडत नाहीये! मला सूड घ्यायचाय! सगळ्यांसमोर त्या माणसाची मान खाली गेलेली बघायचीय मला!" बोलून टाकल्यावर क्षितिजाला जरा बरं वाटलं. मग तिनं पहिली चकली उचलली.

"सूड घ्यायला पुरावा लागतो, मॅडम. नाहीतर म्हणतील, पोरं थापा मारतायत."

हे मात्र खरं होतं. तिघांनी डोक्याला डोकं लावून अहवाल पहिल्यापासून वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर ओळ होती: "प्रत्यक्ष पायी पाहणी, १५ ऑक्टोबर, सकाळी ११ ते १."

सुलूनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "त्या दिसी तिथी कंची व्हती?"

"तिथीचं काय मध्येच?"

"बघ ना पयलं!"

यतीन समोरच्या पानवाल्याकडे धावला. "भैया, कॅलेंडर देखने दो ना जरा!" त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं आणि तिथूनच ओरडला, "सर्वपित्री अमावस्या!"

सुलू टाळ्या पिटायला लागली. "गावला! गावला मेला! आमच्यात भरतीचं टाईम तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. आवस म्हंजे पंधरा. पंधराची पाऊणपट किती?"

"सव्वाअकरा," म्हणता म्हणता यतीनचे डोळे मोठे झाले.

क्षितिजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सव्वाअकराला भरभरून भरती, तीही अमावस्येच्या उधाणाची! म्हणजे सगळा चिखल पाण्याखाली. पक्षी त्या चिखलातले किडे खायला येतात. ताटच पाण्याखाली गेलं तर पंगत बसणार कुठे? साहेबांनी जीपमधून नुसतं पाणी बघितलं आणि "काहीच नाही" असं लिहून मोकळे झाले!

"चल, आत्ता जाऊन सांगू!" यतीन उठला.

"थांब. आधी त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं," क्षितिजा दात चावत म्हणाली.

सोमवारी सभागृह खचाखच भरलं होतं. सुनावणी घेणाऱ्या नीलिमा राजाध्यक्ष बाईंनी क्षितिजाला बोलायला सांगितलं. तिनं आवाज अगदी मधाळ काढला.

"काका, तुम्ही खरंच खाजणात चालत गेला होतात?"

"म्हणजे काय! या टोकापासून त्या टोकापर्यंत!" धारगळकर साहेब खुर्चीत रेलले.

"बूट खराब झाले असतील ना?"

"छे गं! चिखल अगदी वाळलेला. डागसुद्धा नाही लागला!"

क्षितिजाला आतून गुदगुल्या होत होत्या. चढ, अजून चढ, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. "म्हणजे पाणी नव्हतंच?"

"थेंबभरही नाही!"

मागे बसलेल्या सुलूच्या आईनं, इंदूबाईनं, पदर खोचला आणि ती उभी राहिली. "बाई, त्या दिसी सर्वपितरीची आवस व्हती. अकराला उधानाची भरती. हा बाबा चालत गेला म्हनतो, तिथं माज्या गल्याइतकं पानी असतं! बुडला कसा न्हाय?"

कोळीवाड्याच्या बाकांवर हास्याचा असा गडगडाट झाला की बाईंना टेबल आपटावं लागलं. त्यांनी शिपायाकडून भरती-ओहोटीच्या तक्त्याची पुस्तिका मागवली, पान काढलं आणि चष्म्यावरून बघितलं. "साहेब, थेंबभरही नाही म्हणालात ना? आणि या मुलीची वही कुठे आहे?"

साहेबांची मान हळूहळू खाली गेली. वही त्यांच्याच बॅगेतून निघाली, कव्हरवर चहाच्या कपाचे डाग घेऊन.

बाईंनी ती दहा मिनिटं वाचली. मग म्हणाल्या, "हा अहवाल मी फेटाळतेय. ही वही फाईलला जोडा. कुठली जमीन राखायची हे ठरवायला अशी मोजणी लागते. शाबास मुलांनो! नवी पाहणी दुसरे तज्ज्ञ करतील, ओहोटीला, गावकऱ्यांसोबत. तोवर भरावाचा एक ट्रकही येणार नाही."

इंदूबाईनं भर सभेत तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. क्षितिजाचं मात्र अजून भागलं नव्हतं.

"मॅडम, धारगळकर काकांनाही मोजायला पाठवा. पायी."

बाईंना हसू आवरेना. "पाठवते. आणि प्रत्येक पानावर त्यांची सही घेते."

पुढच्या अष्टमीला, भर दुपारच्या ओहोटीत, धारगळकर साहेब गुडघाभर चिखलात उभे होते. एक बूट चिखलानं केव्हाच गिळला होता. पायाशी चिखलातल्या निवट्या मासोळ्या टणाटण उड्या मारत होत्या, आणि समोर लांब लाल पायांचे शेकाटे निवांत चरत होते.

"शेकाटे किती?" क्षितिजानं पेन्सिल सरसावून विचारलं.

"बेचाळीस," साहेब धापा टाकत म्हणाले.

तिचेही बेचाळीसच भरले होते.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.