तिसरी खुंटी

नवतपा, मे अखेरचे ते सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला होता. त्या दिवसांत नागपूरची दुपार म्हणजे दुसरी रात्रच. दारं लावलेली, रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. गोकुळपेठेतल्या आपल्या माडीवरच्या खोलीत श्रीधरनं खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं, चटई टाकली आणि गिटार मांडीवर घेतली. संध्याकाळी यमुताई ती न्यायला यायच्या होत्या. त्यांच्या लेकाची वस्तू परत करायची, तर निदान नव्या तारा लावून द्याव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं.

गिटार मार्तंडची. दोघं एकाच ऑर्केस्ट्रात होते. मार्तंड गिटार वाजवायचा, श्रीधर मागं उभा राहून खुळखुळे. गिटारीवर बोटं ठेवायला त्याला मार्तंडनंच शिकवलं. मग मार्तंडला कावीळ झाली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं आणि गिटारीसकट त्याची स्टेजवरची जागाही श्रीधरकडे आली. अंगावर दिव्याचा झोत पडला की माणसाला काय होतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एक दिवस मार्तंडनं निरोप धाडला, गिटार घेऊन ये. श्रीधर गेला, पण रिकाम्या हातानं. त्या संध्याकाळी कामठीला कार्यक्रम होता.

"खुंटी खराब झाली गा," तो म्हणाला. "तार टिकूनच नाही राहिली. दुरुस्तीले दिली."

मार्तंडचे पिवळे डोळे त्याच्यावर खिळले. "कोणती खुंटी?"

"तिसरी." तोंडाला आलं ते श्रीधर बोलून गेला.

"इकडं आण ना मंग. मी कसून देतो. मले फक्त एकदा हातात घेऊ दे..."

"उद्या आणतो."

पण कार्यक्रमामागून कार्यक्रम येत गेले आणि श्रीधर पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढला नाही. मार्तंड गेल्याचं त्याला कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून.

आता त्यानं जुन्या तारा उतरवल्या, लाकूड पुसलं. एकेक नवी तार खुंटीच्या भोकात ओवली, वेढे दिले, पिळून सुरात आणली. पाच तारा लागल्या. तिसरी लागली आणि उतरली. पुन्हा पिळली, पुन्हा उतरली. तार नवी आहे, ताणली जातेय, असं म्हणून त्यानं वाट पाहिली. मग खुंटीमागच्या दातेरी चाकाचा स्क्रू कसला, तारेचं टोक दुमडून अडकवलं. कामठीत काय किंवा नंतर काय, ही खुंटी कधी केसभरही सरकली नव्हती.

त्यानं गिटार समोर भिंतीला टेकवली आणि नुसता बघत राहिला.

कट्... खुंटी फिरली. जरा थांबली. कट्... पुन्हा फिरली. हात न लागता, सावकाश, कुणी कान देऊन फिरवावी तशी.

श्रीधरनं पुढं होऊन ती चिमटीत घट्ट धरली. खुंटी त्याच्या बोटांना रेटू लागली. ती गरम होती. उन्हाचा चटका असा नसतो. तापानं फणफणलेल्या माणसाचा हात लागावा, तशी ऊब होती ती. वाळ्याचा ओला वास कुठल्या कुठं गेला आणि खोलीत स्पिरिटचा वास पसरला.

"मार्तंड...?"

खुंटी थांबली. त्यानं हात काढून घेतला. मग ती उलटी फिरू लागली. तार वर चढली, चढत चढत नेमकी सुरावर येऊन थांबली. त्यापाठोपाठ उरलेल्या पाचही खुंट्या हलल्या, जरा इकडं, जरा तिकडं. श्रीधरला जमलं नसतं इतकं बारीक कुणीतरी जुळवून दिलं. तार तुटली असती, गिटार अंगावर आली असती, तरी त्याला एवढं लागलं नसतं. तो गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला, दिवस कलेपर्यंत.

कडी वाजली. यमुताई होत्या. खाप्याहून बसनं आलेल्या, पदरानं घाम पुसत आत आल्या. गिटार पाहिली आणि तिच्या लाकडावरून त्यांनी लेकाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"काकू," श्रीधर म्हणाला. "मले तुम्हाले एक सांगायचं होतं. मार्तंडनं गिटार मागितली तवा मी..."

"ते काय सांगतं बापू, मले माहीत आहे." त्यांनी त्याचा हात धरला. "तुह्यासारखा दोस्त नाही गा कोणाचा. मी जेवाले गेली की तू रोज दुपारी येऊन बसे त्याच्यापाशी. नर्सबाई सांगे, दार लोटून गिटार वाजवत राह्यते म्हणून. शेवटच्या दिवशीही होता ना तू? लेकरू हसत गेलं माह्यं."

 त्या म्हाताऱ्या डोळ्यांकडे पाहून श्रीधरला 'तो मी नव्हतो' म्हणता येईना. फुकटचा आशीर्वाद त्यानं डोक्यावर घेतला, वाकून नमस्कार केला, गिटार त्यांच्या हातात दिली. खाली पोचवायला मात्र तो गेला नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

जिना अंधारा होता. भिंत चाचपत यमुताई एकेक पायरी उतरत गेल्या. वळणाआड त्यांचं पातळ दिसेनासं झालं. मग त्यांची पावलं थांबली आणि खालून त्यांचा आवाज आला, जरासा चकित, पण मायेचा.

"अरे श्रीधर! तू माह्या आधी खाली कसा आला गा?... बरं, धर मंग. तूच घे गिटार."