भिंतीतल्या खुंट्या

भिंतीला पांढऱ्या छुईमातीचा हात देताना रुख्माची पाठ दाराकडे होती, म्हणून तिला कळलंच नाही, की कुणीतरी उंबऱ्याशी येऊन उभं राहिलंय.

"मालकीणबाई, भिंत वल्ली हाय का अजून?"

हातातलं पोतेरं गळून पडलं. घनश्याम! खांद्यावर बांगड्यांची पेटी, नव्या छोट्या लाईनच्या गाडीनं बालाघाटहून आलेला, कपड्यांवर इंजिनाची काजळी... दरसाल तो मंडईच्या आदल्या दिवशी यायचा. आज तर दिवाळीही लागली नव्हती.

"माय व! इतक्या लवकर काऊन?"

"परत जाऊ?"

"मी तसं म्हटलं का?"

दिवाळीनंतरच्या कुडव्याच्या मंडईच्या जत्रेला लांबलांबचे दुकानदार येत. नवरा गेल्यापासून रुख्मा आणि तिची सासू धुरपताबाई या दोघींचं पोट रस्त्याकडच्या चार खोल्यांच्या भाड्यावर होतं. सण तोंडावर आला की रुख्मा पदर खोचायची. छपराचे कवेलू फेरायचे, भिंती पांढऱ्या छुईनं पोतायच्या, जमीन सारवायची. आणि मंडई उठली की कोपऱ्याच्या खोलीत घनश्यामनं बांगड्या टांगायला ठोकलेल्या खुंट्या उपटून भोकं बुजवायची. भाडेकरूचा लळा लावून घेऊ नये, असं धुरपताबाई म्हणायची. म्हणायला काय जातं!

घनश्यामची नजर भिंतीवर फिरली आणि थांबली. खुंट्या होत्या तिथंच होत्या. त्यांच्याभोवती हलक्या बोटानं छुई दिलेली होती.

"यंदा उपटल्या नाही?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"भोकं बुजवून बुजवून कंटाळा आला."

"कंटाळाच आला... का आणखी काही?"

रुख्मानं मान वळवली. ती लाजली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. आता याला सांगायचं कसं?

सांगितलं धुरपताबाईनंच. पाण्याचा गडवा घेऊन ती आत आली.

"बरं झालं लवकर आला गा! रुख्माचा पाट ठरवला बिरसीले. मानूस बिजवर हाय, पण धानाची शेती हाय. मंडई झाली का पंच येतेत. चांगल्या हिरव्या बांगड्या काढ, अन् तिच्या हाताचं माप घेऊन घे."

पाटाला मंडप नाही, वाजंत्री नाही. पंचांपुढं पुरुषानं विधवेच्या हातात बांगड्या भरल्या की ती त्याची बायको. म्हणूनच गावोगावच्या बायकांचे हात धरणारा घनश्याम विधवेच्या हाताला कधी शिवत नसे. म्हातारीच्या ते ध्यानातच आलं नाही. तिच्या लेखी तो नुसता बांगडीवाला.

रुख्मानं हात पुढं केला. मनगटापर्यंत छुईनं माखलेला... घनश्यामनं आपला हात मागं घेतला.

"नाही माय. मी नाही धरत."

"कायले? रोज तं धरतेस बायांचे हात!"

"ते सोडायसाठी धरतो. हा धरला, तं मले सोडता नाही येणार."

धुरपताबाईनं पाण्याचा गडवा खाली ठेवला. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग भिंतीकडं.

"रुख्मा, ह्या खुंट्या विसरली, का ठेवल्या व?"

'विसरली' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. बिरसीचं घर, शेती, लोकांत नाव. रुख्मानं मान वर केली.

"ठेवल्या, आत्या. वर्षभर रोज पाहून राहिली होती."

धुरपताबाई मटकन खाली बसली. पोरगा गेला त्या दिवशी ती अशीच बसली होती.

"तू बिरसीले गेली असती तं मी एकटीच राहिली असती," ती हळू म्हणाली. "तरी म्हटलं, पोरीचं भलं होते. एका शब्दानं सांगितलं का नाही व मले?"

"मी इथंच राहीन, माय," घनश्याम म्हणाला. "दोघींपाशी. बालाघाटले माझं कोण हाय?"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"जातीचा तं आपल्यातलाच हाय... मंडई होऊ दे. पंचांपुढं तूच भर बांगड्या. बिरसीवाल्यायच्या शिव्या खाईन मी."

रुख्माला हुंदका आवरला नाही. घनश्याम अजून तिच्यापासून हातभर लांबच उभा होता.

तेवढ्यात बाहेरून मिठाईवाल्या बकारामनं हाक दिली, "बाई, यंदा मले हे कोपऱ्याची खोली पायजे!"

धुरपताबाई गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि दारात गेली.

"हे खोली आता भाड्याची नाही राहिली गा," ती म्हणाली. "बाजूची पाह्य."