बाराचा वर्ग एकशे बारा

"हे कोणी केलं?" मुलांच्या मासिकाचा ताजा अंक टेबलावर आपटत तिने विचारलं.

प्रूफं तपासत बसलेल्या तरुणाने मान वर केली. कानामागे लाल पेन, आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही! एरवीही राग तिच्या नाकावरच असायचा. इथे तर ढळढळीत कारण होतं.

"मी केलं," तो म्हणाला. "बाराचा वर्ग तुम्ही एकशे बारा लिहिला होता. मी एकशे चव्वेचाळीस केला. आभार मानायला आलात?"

"आभार? वरचा नियम वाचलात? बेरजेत दोन अंकांतला मोठा ठेवायचा, गुणाकारात लहान. हातचा नाहीच!"

"असं कुठे गणित असतं?"

"माझ्या पानावर असतं!"

गंमत-गणिताच्या त्या पानासाठी तिने वर्षभर संपादकांची मनधरणी केली होती. आणि आज शाळेत पोरं म्हणाली, "बाई, तुमच्याच नियमाने तुमची उत्तरं चुकली!" दुरुस्ती छापून यायलाच हवी होती. पण संपादक आठवडाभर बाहेरगावी. तोवर यालाच नियम शिकवून सगळी उत्तरं पुन्हा करून घ्यायची, असं ठरवून तिने खुर्ची ओढली.

"बारा गुणिले बारा. करा."

"दोन आणि दोन… लहान दोनच. दोन आणि एक… एक. पहिली ओळ बारा. दुसरी अकरा, एक घर डावीकडे. आता बेरीज. दोन… मग एक आणि एक…" तो थांबला. "एकच?"

"एकच."

"एक आणि एक मिळून एक." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "गणित बरं आहे हो तुमचं."

तिचे कान तापले. रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. "तुमच्यावर काडीचा भरवसा नाही," म्हणत समोर बसायची. चहा यायचा, पाऊस खिडकीवर तडतडायचा, आणि तो तेच तेच वर्ग चुकवत राहायचा.

"मुद्दाम चुकता ना?" एकदा तिने पकडलंच.

"बरोबर आलं की तुम्ही लगेच उठता…"

"गणितात लबाडी? लाज नाही वाटत?" ती कडाडली. पण उठली मात्र नाही.

संपादक परतले ते कपाळाला आठ्या घालूनच. "चूक कोणाची? बाईंची असेल तर पान बंद."

"माझी," तो म्हणाला. "नियम न वाचताच आकडे बदलले."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

पहिल्या दिवशी तिला हेच तर हवं होतं! पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एका चुकीसाठी माणूस काढता? त्याच्यावर रागवायचंय ना, ते मी बघते! आठवडाभर रागावतेच आहे, जन्मभर रागवायची तयारी आहे माझी. तुम्ही मध्ये पडू नका!"

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुरुस्ती छापा," ते पुटपुटले. "तू उद्या वेळेवर ये. आणि आता दोघंही बाहेर जाऊन भांडा."

जिन्यात तो हळूच म्हणाला, "जन्मभर?"

"हो!" ती तणतणली. "आणि हसताय काय? तुमचं काय ते बोला आधी!"

"माझी तर पहिल्या दिवसापासून तयारी आहे," तो म्हणाला.

"मग आठवडाभर तोंड शिवलं होतं का?" ती ओरडली, आणि त्याचा हात धरून जिना उतरू लागली.