रेघेच्या वर

"ही खाट गप्प म्हणून राहत नाही. नुसती थरथरते मेली," बायजाआईंनी कुशीवर वळता वळता कुरकुर केली.

कुंदा त्यांच्या उशाशीच तांदूळ निवडत बसली होती. "खाट नाही थरथरत, आई. तुमचे हात थरथरतात."

"माझे हात मला ठाऊक आहेत गं. पार अंगाखाली दाबून धरले, तरी थरथरते."

"मग तुमच्या कंपवाताची अर्धी गोळी तिलाच देऊन बघू का?"

"दे. तेवढाच एकीला तरी गुण येईल," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

खाटेच्या पायाशी, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, वाकळेत गुंडाळलेली छबी झोपली होती. कुंदाची नात. मुलगा आणि सून खाली रेघेवर पहाऱ्याला गेले की पोर आजीकडे असायची. दुसरीकडे कुठे ठेवली तर रडून घर डोक्यावर घ्यायची. या कोपऱ्यात टेकवली की गाढ. इथल्या फळ्या उबदार होत्या.

कारवणे गावाची ही तिसरी जागा. पहिलं कारवणे नदीकाठी होतं. उन्हाळे वाढत गेले, खालची जंगलं बारा महिने उबट राहू लागली, आणि त्या उबेवर पोसलेलं लांबडं असं काही वाढलं की गोठ्यातली म्हैस नाहीशी झाली तरी कुणी चोराचं नाव घेईना. गाव डोंगराच्या सोंडेवर आलं. मग तिथूनही वर, या पठारावर. इथे भर चैत्रातसुद्धा दिवेलागणीपासून गारठा पडायचा आणि लोक त्या गारठ्याला देव मानायचे.

'लांबडं' म्हणायचं. खरं नाव कारवण्यात कुणी घेत नसे. लहान पोरांना नाव ठाऊकही नव्हतं.

गावाखाली उतारावर चुन्याची रुंद रेघ होती. त्या रेघेच्या भरवशावर कारवणे झोपायचं. ती कुठे ओढायची हे दर चैत्रात प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर इरावती सोमण येऊन सांगायच्या. आजही त्या सकाळपासून उतारावर जमिनीची ऊब मोजायची यंत्रं रोवत फिरल्या होत्या. आता नेहमीप्रमाणे चहाला कुंदाकडे आल्या, खुर्ची नको म्हणाल्या आणि छबीजवळ फळ्यांवर मांडी घालून बसल्या.

"रेघ आहे तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "यंदा सरकवायला नको."

कुंदाने इतका मोठा श्वास सोडला की सुपातला कोंडा उडाला. "मॅडम, दरवर्षी विचारते नि दरवर्षी विसरते. ते रेघेच्या वर येतच नाही, हे कशावरून?"

"येईल हो एखादं चुकून. पण राहणार नाही. प्रत्येक प्राण्याचा एक पट्टा असतो, म्हणजे जिथे तो पिढ्यान् पिढ्या तग धरतो तेवढा मुलूख. लांबड्याचं रक्त थंड. अंगात ऊब हवी तर ती उन्हाकडून, जमिनीकडून उसनी घ्यायची. आणि अंड्यांना तर सतत ऊब लागते. रेघेच्या वर जमीनच इतकी गार की अंडी आतल्या आत मरतात. जिथे पिल्लं होत नाहीत, तिथे पट्टा संपला. आपली रेघ तीच."

"म्हणजे आम्हाला थंडी राखते."

"थंडीच." सोमणबाईंनी कप खाली ठेवला, आणि तळवा फळीवर टेकला. "काय छान ऊब आहे हो इथे! चूल तर तिकडे आहे."

"पेंढा!" कुंदा कौतुकाने म्हणाली. इथली घरं दगडी जोत्यावर, आणि जोतं आतून पोकळ. पहिल्या वर्षी गारठ्याने म्हातारी माणसं काकडली, तेव्हा बायकांनीच युक्ती काढली आणि घरोघरी फळ्यांखाली भाताचा पेंढा ठासून भरला. वारा खेळावा म्हणून मागे एक झरोका ठेवला. "थंडी राखायची म्हणून काय आम्ही थंडीत मरायचं?"

सोमणबाई हसल्या नाहीत. "कुंदाताई, पेंढा ऊब राखतो. तयार करत नाही."

त्यांनी दुसराही तळवा टेकला. डोळे मिटले. त्यांच्या कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती, विरत होती, पुन्हा उठत होती.

"आईंचे हात..." कुंदा बोलता बोलता थांबली. आईंचे हात पांघरुणावर होते. कपापासून चांगले लांब.

"बाळाला उचला," सोमणबाई अगदी हळू म्हणाल्या. "पाय आपटू नका."

कुंदाने छबीला उचललं. वाकळेची खालची बाजू भाजलेल्या भाकरीसारखी गरम होती. ऊब सुटली तशी पोर कुरकुरली. कुंदाने तिचं तोंड छातीशी दाबून धरलं.

"मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते," सोमणबाईंचा आवाज चिरकत होता. "आणि गार पडायला लागलं की सगळं अंग थरथरवते. स्नायू आवळायचे, सोडायचे. थंडीत आपण कुडकुडतो ना, तसं. तेवढ्यापुरती ती स्वतःची ऊब स्वतः करते. हे जुनंच ज्ञान आहे. पण उघड्या डोंगरावर ती ऊब टिकणार नाही, म्हणून मी ती हिशेबातच धरली नाही. फळ्यांखाली, पेंढ्यात..."

"मग रेघ वर सरकवा," कुंदा म्हणाली. म्हणता म्हणताच तिची नजर खिडकीबाहेर गेली. वर पठार संपत होतं. त्यापुढे आभाळ.

तिला काल पाणवठ्यावरचं बोलणं आठवलं. यंदा घर कसं छान उबदार आहे, शेजारची रखमा म्हणाली होती. पलीकडची सावित्रा म्हणाली होती, आमच्याकडे तर बाळंतीण जमिनीवरच निजते. प्रत्येकीने आपापल्या पेंढ्याची फुशारकी मारली होती. कुंदाने सगळ्यांत जास्त.

तिने सोमणबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. कपातली वर्तुळं थांबेनात.

बायजाआई खाटेवर उठून बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांचे हात पहिल्यांदाच स्थिर दिसत होते.

"अजगर," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अजगर आहे माझ्या खाटेखाली. आणि घरोघरी आहे. आपणच त्यांना अंथरूण घालून दिलंय."