कोंडाईबारीचा चढ

“टरफलं माझ्या डोक्यावर आणि दाणे तुमच्या पोटात? हा कुठला न्याय?”

मी दचकून खाली पाहिलं. सुरतेत उधन्याच्या रेल्वे फाटकापाशी आमचा टेम्पो अडकला होता. पुढे माझे वडील, आप्पा, स्टिअरिंगवर, मागे साड्यांच्या गठ्ठ्यांवर मी शेंगा खात बसलेली, आणि खाली सायकलवर एक पाय टेकून हा! केसांत टरफलं, आणि हसू असं की रागावताच येईना.

“डोकं बाजूला घ्यायचं ना!”

“घेतलं असतं… पण मग वर बघायचं राहून गेलं असतं.”

आगाऊ! मी उरलेल्या शेंगा त्याच्या ओंजळीत ओतल्या आणि तोंड फिरवलं. तरी फाटक उघडेपर्यंत त्याचं नाव वाल्मिक, गाव साक्रीकडचं आणि काम कापडाच्या लूमवर, एवढं मला न विचारता कळलं होतं.

महिन्याभरात स्वारी आमच्या दारात. लिंबायतच्या वस्तीत एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा फुकट तपासायला तयार होते, पण बसायला जागा नव्हती. जागा मागायला गेलेल्या वाल्मिकला चाळमालक काशिनाथशेठ चारचौघांत म्हणाले होते, “तुम्ही पोरं बोलता फार. सायकलवर धुळ्याला जा, एकवीरामातेच्या पायरीला हात लाव, रस्त्यावरची खोली दवाखान्याला दिली. पण वाटेत गाडीत पाय टाकलास तर विसर!”

सोबतीला टेम्पो हवा होता. आप्पा लगेच हो म्हणाले. मीही निघाले… स्वयंपाकाला हो!

दिवाळीच्या रजेत लूम बंद पडले आणि आम्ही सुरत सोडली. टेम्पोचं मी घरच करून टाकलं – गादी, स्टोव्ह, पाण्याचा माठ, दोरीवर त्याचा टॉवेल. पुढे तो, मागे रखडत आम्ही. आप्पांशेजारी बसून मी दिवसभर त्याची घामाने भिजलेली पाठ बघत होते. रस्त्यात बघण्यासारखं दुसरंही बरंच असेल. मला दिसलं नाही.

बारडोलीला त्याने वळून एकदा हात केला, व्याऱ्याला दोनदा.

“मागे काय बघता? खड्ड्यात जाल!”

“गेलोच आहे,” तो म्हणाला.

नवापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाटाच्या अलीकडे झाडाखाली मी स्टोव्ह पेटवला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. आमच्या घरात पाहुण्याचं ‘नको’ दोनदा कानाआड करायचं आणि वाढायचं. तिसरं ‘नको’ आलं की ते खरं. वाल्मिकही खान्देशचाच, त्याला हे पक्कं ठाऊक. पण प्रत्येक भाकरीला तो दोनदाच ‘नको’ म्हणे आणि माझ्याकडे बघत राही. मीही वाढत राहिले. पाच भाकऱ्या!

व्हायचं तेच झालं. कोंडाईबारीच्या पहिल्याच वळणावर त्याच्या पोटात असा गोळा आला की सायकल आडवी आणि तो रस्त्याकडेला दुमडलेला. मी ओवा दिला, पाणी दिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या हौसेपायी हे झालं… मला रडूच आलं.

“बठ रे भाऊ टेम्पोमा,” आप्पा आपल्या अहिराणीत म्हणाले. “आठे कोन देखी ऱ्हायनं? घाट चढना की उतरी जाय.”

वाल्मिक कसाबसा उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेम्पोचा मागचा फाळका उघडून खाली सोडलेला होता, आत मीच घातलेली गादी. त्याने एक हात फाळक्यावर टेकला… पाय उचलला…

त्याला झोपवावं, डोकं चेपावं, असं माझ्या किती मनात होतं म्हणून सांगू! पण खोली गेली असती. कुणाला कळलं नसतं, तरी त्याने स्वतःच शेठना जाऊन सांगितलं असतं. तेवढं मी त्याला ओळखायला लागले होते.

मी त्याचा हात बाजूला केला, फाळका वर उचलला आणि दोन्ही कड्या घातल्या.

“रागवा माझ्यावर. पण बसू नका.”

“चंचल, मला उभंसुद्धा राहवत नाही गं…”

“मग माझ्या खांद्यावर हात ठेवा. चालायला शेठनी मनाई केलेली नाही.”

मी सायकल धरली. त्याने हात ठेवला. दहा पावलं चालायचं, थांबायचं. ट्रकवाले हॉर्न मारून जात होते, कुणी काही बोलतही होते. बोलू देत. सहाव्या-सातव्या वळणाला त्याच्या तोंडावर रंग आला, तरी खांद्यावरचा हात काही निघेना.

“बरं वाटतंय ना आता?” मी विचारलं.

“कधीचं!”

“मग हात?”

“तो अजून आजारी आहे.”

माथ्यावर गार वारा लागला. तो थांबला आणि एकदम गंभीर झाला.

“आज तू मला टेम्पोत चढू दिलं असतंस ना चंचल, तर पुन्हा तुझ्या नजरेला नजर देता आली नसती. मला… जन्मभर तुझी सोबत हवी आहे.”

मी काही बोलणार, तोवर मागून टेम्पो येऊन थांबला. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वाल्मिकने घाईने हात खाली घेतला.

“मगनआप्पा, मला तुमच्याशी जरा…”

“समजनं रे!” आप्पा म्हणाले. “रस्तामा एखादी म्हतारी दिखनी तरी हाई पोर टेम्पो थांबाले लावस. आजलोंग कोनलेच ‘नही’ म्हनेल नही. तुलेच तेवढं चढू दिधं नही. तव्हयच मी समजी गऊ.”

वाल्मिक उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिला. पुढे उतार होता, आणि धुळे अजून बरंच लांब.

“हो,” मी म्हटलं आणि सायकल त्याच्या हातात दिली. “आता निघा. पायरीला हात लावायचाय.”