बाभळीच्या काट्यावरचा जाझ

सातारा–मिरज एसटीत माझ्या मांडीवर एक खोकं होतं, आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तंबोरा.

कराडच्या पुढे मोठा खड्डा आला. मी खोकं छातीशी धरलं, त्यानं तंबोरा. बस सावरली, तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांच्या ओझ्याकडे बघत होतो.

"अंडी हायत काय?" त्यानं विचारलं.

"नाही. जाझ."

"म्हणजे?"

"जुन्या तबकड्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या. लाखेच्या आहेत, पडल्या की संपल्या."

"मग आपलं दुखणं एकच. ह्याचा भोपळा तडकलाय. साताऱ्याच्या गाण्याच्या क्लासातनं दुरुस्तीला चाललाय."

कंडक्टर तंबोऱ्याच्या टोकाखालून वाकून पुढे गेला. "ह्याचं अर्धं तिकीट फाडू काय?"

"फाडा की. पण मग त्याला खिडकी द्यायला लागंल."

मी हसले. खिडकीतून श्रावणाची भुरभुर आत येत होती. त्यानं गोधडीचं एक टोक उलगडून न विचारता माझ्या खोक्यावर टाकलं.

त्याचं नाव अजमल. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्या घरातला. मी महेजबीन, साताऱ्याची, भौतिकशास्त्रात एमएस्सी. पाचगणीच्या एका शाळेच्या अडगळीत या तबकड्या सापडल्या होत्या. त्यांतलं संगीत संगणकावर उतरवून देण्याचं काम मी घेतलं होतं. तबकड्या वाजवायचं माझं यंत्र बॅगेत सोबत होतं, पण नेमकी त्याची सुई मोडली होती. नवी मागवली होती, ती मिरजेला खालाच्या, म्हणजे मावशीच्या, पत्त्यावर येणार होती. आठवड्यानं मिरजेहूनच मला बेंगळुरूची गाडी धरायची होती. तिथल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची नोकरी होती.

"तोवर आमच्या दुकानात या," अजमल म्हणाला. "आजोबांचा ग्रामोफोन हाय. चालू हाय."

"लोखंडी सुई असेल ना? ती लाख खरवडते. यांतल्या काही आधीच झिजल्यात."

"लोखंडी नको. बाभळीचा काटा लावू. आजोबा तेच करायचे. काटा स्वतः झिजतो, तबकडीला सोडतो. फक्त एक… प्रत्येक बाजू वाजली की परत तासायला लागतो."

दुसऱ्या दिवशी मी माइक घेऊन दुकानात पोहोचले. लाकडाचा भुसा, लाखेचा वास, भिंतीला टेकलेले अर्धे तंबोरे. अजमलनं पॉलिशपेपरवर काटा फिरवून टोक काढलं, ग्रामोफोनच्या सुईच्या जागी बसवलं आणि तबकडी सोडली.

आधी खरखर. मग तिच्या आतून मुंबईच्या कुठल्यातरी हॉटेलातला बँड वर आला. बँजो, ढोल, पियानो आणि मऊ, दबका ट्रंपेट. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी या तालावर नाचलं असेल, असा विचार आला. मी ठेका मोजू लागले.

"ट्रंपेटवाला मागे पडतोय," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी थोडा उशिरा येतोय. चुकतोय का?"

अजमलनं डोळे मिटले. "न्हाई. मुद्दाम थांबतोय. सम कुठं हाय हे पक्कं माहीत असलेला माणूसच असा उशीर करू शकतो."

त्या दिवसापासून मी ट्रंपेट ऐकत राहिले, आणि अजमलचे हातही बघत राहिले. बाजू संपली की तो काटा काढी, उजेडाकडे धरी, तासायला बसे. तेवढ्या वेळात आम्ही बोलत असू. तंबोऱ्याच्या तारेला गुंजवणारी जवारी म्हणजे काय, ध्वनिलहरी म्हणजे काय, बेंगळुरूला पाऊस कसा असतो. पहिल्या दिवशी हे काम चहा निवण्याआधी होई. नंतर नंतर चहा निवे, साय धरे, तरी काटा तासून होत नसे.

आतल्या खोलीत तंबोऱ्याला तारा चढवणारे त्याचे अब्बा, चांदसाहेब, एकदा तिथूनच म्हणाले, "अजमल, काटा तासतोयस का तंबोरा कोरतोयस?"

अजमलचे कान लाल झाले. मी माइकची वायर तपासली. ती ठीकच होती.

मला शंका आली होती. पण शंका आणि पुरावा यांत फरक असतो, आणि तो काही बोलेल अशी वाट बघण्यापलीकडे मी काही केलं नाही. मधेच एका संध्याकाळी खालानं माझ्या नावाचं छोटं पार्सल हातात दिलं. मी ते न फोडता पर्समध्ये ठेवलं.

शेवटच्या दिवशी एकच तबकडी उरली. काठाशी तडा गेलेली. रात्रीची गाडी होती.

पहिली बाजू वाजवायची होती. अजमलनं मघाशीच तासलेला काटा पुन्हा पॉलिशपेपरवर धरला. मी हात पुढे केला.

"बघू."

तबकडीच्या रेघा तपासायचं भिंग मी काट्यावर धरलं. टोक सरळ, गुळगुळीत, अणकुचीदार.

"याला धार आहे."

तो पॉलिशपेपरवरची पूड फुंकू लागला.

"मग तासताय कशाला?"

"तासला न्हाई तर वाजवायला लागंल." त्यानं पॉलिशपेपरची घडी घातली, उलगडली. "वाजवली की संपंल. संपली की तुमी जाणार."

"म्हणजे मुद्दाम उशीर."

"व्हय. दुसऱ्या दिवसापासनं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सम कुठं हाय ते मला माहीत हाय, महेजबीन. तिथं यायचा धीर होत नव्हता."

आतल्या खोलीतली तार वाजायची थांबली होती.

मी पर्समधून पार्सल काढून टेबलावर ठेवलं. त्यानं उलटं करून पत्ता वाचला, तारीख वाचली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"नवी सुई?"

"हो."

"ही येऊन तर…"

"हो."

"आणि तरी काट्यावरच वाजवत बसलीस?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. ते त्याच्याही ध्यानात आलं, पण त्यानं सावरून घेतलं नाही. मीही सावरू दिलं नाही.

"काट्याचा आवाज मऊ येतो," मी म्हणाले. "आणि मलाही धीर होत नव्हता, अजमल. लाव आता."

आम्ही दोघांनी मिळून काटा टेकवला. तडा दर फेऱ्याला टक्… टक्… करत होता. बँड त्यावरून सहज उडी मारून जात होता. ट्रंपेटवाला नेहमीसारखा थांबला, थांबला… आणि अगदी अलगद आला. अजमलचा हात तेव्हा माझ्या हातात होता. बोटांना भुसा लागलेला.

बाजू संपली. तो सवयीनं तबकडी उलटायला उठला.

"राहू दे," मी म्हणाले. "दुसरी बाजू दिवाळीला. मी येते. नवी सुईही इथेच ठेव."

"आणि मी बेंगळुरूला आलो तर?"

"तर काटे घेऊन ये."

"पोरी," आतून चांदसाहेबांचा आवाज आला, "जेवून जा. गाडीला लय वेळ हाय."

अर्धवट काम मी आजवर कुणाला दिलेलं नाही. त्या रात्री गाडीत बसून मी शाळेला कळवलं: एक बाजू बाकी आहे. काटा तासायचं काम चालू आहे.