होकाराचा ढीग

चाकणच्या तळेगाव चौकात सिग्नल सुटला आणि निशिगंधानं स्कूटी वळवली. मागं तिरपी बांधलेली वेळूची मोळीही तिच्यासोबत गरकन फिरली... आणि चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या एका तरुणाची टोपी अलगद उचलून घेऊन गेली!

"अहो, टोपी! माझी टोपी!" तो कप ठेवून धावला.

तिनं स्कूटी थांबवून मागं पाहिलं. वेळूच्या शेंड्यावर कंपनीची पिवळी टोपी ऐटीत डुलत होती. तिला हसू आवरेना.

"घ्या. वेळूला आवडलेली दिसते."

"एकट्या वेळूलाच?"

तिनं झटकन मान पुढं वळवली. पण स्कूटी चालू करताना तिचं बोट दोनदा चुकलं.

तरुणाचं नाव जयदीप, सांगवीच्या जुन्या शेतकरी घरातला. घरच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या आणि हा कंपनीत यंत्रांना बघायला शिकवू लागला. कॅमेऱ्यातून कुठला पार्ट चांगला, कुठला खराब, ते यंत्रानं ओळखायचं.

पुढच्या रविवारी तो विचारत विचारत निघोज्याला आला. म्हणे, आईला दुरडी हवीय.

निशिगंधाचे वडील ज्योतीराम अण्णा बार्शीकडून येऊन इथं बुरूडकाम करत होते. त्यांच्या हातची झाल पंचक्रोशीत नावाजलेली. लग्नात पाठवणीच्या वेळी दिवे लावलेली वेळूची दुरडी 'लेक जपा' म्हणत सासरच्यांच्या डोक्यावर टेकवतात ना, ती झाल. पण यंदा अण्णांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. विणायला हात कसाबसा चालायचा, वेळू चिरायला मात्र जोर पुरत नव्हता. निशिगंधानं चिरलेल्या वेळूच्या पट्ट्या, कांबी, कुठं जाड, कुठं पातळ. दुरडी डगमगायची.

"तुळशीचं लग्न झालं की झालींच्या मागण्या येत्यात," अण्णा म्हणाले. "जमलं तर ऱ्हायचं. न्हाईतर धंदा बंद करून बार्शीला, भावाकडं."

जयदीप दुरडी घेऊन गेला आणि मोटर, पातं, कॅमेरा घेऊन परत आला.

"यंत्र आल्यावर मी काय माशा मारू व्हय?" अण्णांनी विचारलं.

"विणायचं तुम्हीच, अण्णा. ते नुसतं चिरणार आणि निवडणार. निवडायचं कसं, ते तुम्ही शिकवा त्याला."

मग शिफ्ट सुटली की जयदीप हजर! अंगणात दोन ढीग पडायचे, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. अण्णा एकेक कांब वाकवून बघत आणि ढिगात टाकत. ढिगात पडणारी प्रत्येक कांब वरचा कॅमेरा टिपे, त्यावरूनच यंत्र शिके.

"कामाला आलायस का गप्पा हाणायला?" अण्णा मधूनच खेकसत.

"दोन्हीला, अण्णा."

निशिगंधा मान खाली घालून हसायची. पण मनात एकच प्रश्न घोळायचा... यंत्र शहाणं झालं की हा कशाला येईल?

आणि तिनं एक खोडी केली. अण्णा पाणी प्यायला उठले की 'हो'तल्या चांगल्या कांबी ती निळ्या बांगड्यांच्या हातानं गुपचूप 'नाही'त सारायची.

दिवाळी सरली. पहिल्या झालींची मागणी आली. यंत्र सुरू केलं. अण्णांनी वेळू लावला की कांबी सुरेख निवडल्या जायच्या. निशिगंधानं लावला की एकूण एक कांब 'नाही'त! अण्णांना एकट्यानं दिवसभर उभं राहणं झेपेना. त्यांनी बार्शीला फोन लावायला घेतला.

निशिगंधाचा चेहरा पडला. "अण्णा, थांबा... चूक माझी आहे."

तेवढ्यात जयदीप लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "'नाही'च्या फोटोंत सारख्या निळ्या बांगड्या आहेत. यंत्र कांबी बघतच नव्हतं. निळी बांगडी दिसली की नाही म्हणायचं... पण चांगल्या कांबी तिकडं टाकल्याच का?"

"यंत्र लवकर शिकलं असतं तर..." ती बांगड्या मागं सारत म्हणाली.

"...तर मी आलो नसतो?" त्यानं हळूच विचारलं. "अगं, यंत्राला काय नावं ठेवू? महिनाभर मीही बांगड्याच बघतोय."

अण्णांनी फोन खिशात टाकला. "आता ढीग नीट लावा दोघं. रातभर न्हाई थांबायचो मी."

फोटो पुन्हा निवडायला बसले. जयदीपनं एक पातळ, सरळ कांब तिच्यापुढं धरली. "ही कुठं टाकू?"

तिनं कांब घेतली, त्याच्याकडं पाहिलं... आणि बांगड्या वाजवत 'हो'च्या ढिगात ठेवली.

यंत्र शिकलं, मागण्या पुऱ्या होत गेल्या. त्या हंगामातली शेवटची झाल अण्णांनी लेकीसाठी विणली. कांबी यंत्रानं चिरलेल्या, वीण त्यांच्या हातची. मांडवात ती शालनबाईंच्या, जयदीपच्या आईच्या, डोक्यावर टेकवताना अण्णांनी उजव्या हाताला डाव्याचा आधार दिला.

"व्हय, लेक आमी जपू," शालनबाई म्हणाल्या. "पर त्ये यंत्रबी धाडताय न्हवं?"

"यंत्र निघोज्यातच ऱ्हाणार, विहीणबाई. माझ्यासंगं."

मांडव हसला. अण्णा हसता हसता रडले. पण दुरडीतला एकही दिवा कलंडला नाही.